कुंपण आधी कागदावर पडतं!

तुमच्या गावाला गायरान आहे? माहीत नसेल तर आज आजोबांना विचारा. गुरं चारायची, सरपण आणायचं, पोरांनी क्रिकेट खेळायचं... सगळ्या गावाची जमीन!

इंग्लंडमधल्या गावांतही अशी जमीन असायची. तिला म्हणायचे 'कॉमन'. मालकी जमीनदाराची, पण चराईचा आणि सरपणाचा हक्क गावकऱ्यांचा. मग ती गेली कुठे? रातोरात कुणी चोरली नाही, रीतसर कायदा करून घेतली. बडे जमीनदार पार्लमेंटकडे अर्ज करायचे, त्या गावापुरता कायदा व्हायचा, कमिशनर येऊन मोजणी करायचे आणि तुकडे पाडायचे. १६०४ ते १९१४ या काळात असे ५ हजारांहून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन कुंपणात गेली. आणि पार्लमेंटमध्ये बसायचं कोण? बरेचसे जमीनदारच!

ज्याला छोटा तुकडा मिळाला, त्याला कुंपणाचा खर्च झेपेना. अनेकांनी तो विकून टाकला. ज्याच्याकडे कागद नव्हता, नुसती वहिवाट होती, त्याच्या हाती बहुतेकदा काहीच लागलं नाही.

पण सगळे गप्प बसले नाहीत. लंडनजवळच्या एपिंग जंगलात लाउटनचे गावकरी दर हिवाळ्यात जळणासाठी फांद्या तोडायचे. १८६०च्या दशकात जमीनदाराने जंगलाला कुंपण घातलं, तरी थॉमस विलिंगेल या मजुराने तोडणी थांबवली नाही. प्रकरण कोर्टात गेलं. निकालाआधीच, १८७० मध्ये तो वारला. मग लंडन शहराची कॉर्पोरेशन कोर्टात उतरली, तीही चराईच्या जुन्या हक्काच्या जोरावर! १८७४ मध्ये ती जिंकली आणि १८७८ च्या कायद्याने जंगल सगळ्यांसाठी खुलं झालं. आजही लंडनकर तिथे भटकायला जातात.

गंमत बघा, ज्या फांद्यांसाठी विलिंगेल भांडला, तो तोडणीचा हक्क मात्र याच कायद्याने संपला. त्याच्या भरपाईतून लाउटनमध्ये १८८४ मध्ये एक सभागृह उभं राहिलं. नाव काय? 'लॉपिंग हॉल', म्हणजे फांद्यातोडीचा हॉल!

आता पुन्हा आजोबांकडे या. त्यांनी गायरान दाखवलं, की त्याचा सातबाराही बघा. मोबाइलवर दिसतो. वहिवाट आजोबांना पाठ असते, पण कागद आपल्यालाच वाचावा लागणार आहे.