डोक्यावरचा गीझर आणि पायाखालची अर्थिंग

मुंबईत खोली गरम ठेवायला छताला हीटर टांगण्याची वेळ कुणावर येत नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि थंडीचा विषय निघाला की आजही तोच आकडा सांगितला जातो. थंडी इतकी बेताची असली तरी आंघोळीला पाणी मात्र कढतच लागतं. नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणं लावून बसलेल्या माणसाला कोमट पाणी देऊन चालत नाही. त्यामुळे गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या घरांमध्ये डोक्यावर टांगलेला विजेचा हीटर म्हणजे गीझर. जागा इतकी कमी की तो मोरीच्या वर, पोटमाळ्याच्या खाली, छताला जवळजवळ चिकटूनच बसवावा लागतो. तो नीट कसा बसवायचा, हा या लेखाचा विषय आहे.

आधी हे काम तांब्याचा बंब करायचा. मधल्या नळकांड्यात करवंट्या, ढलप्या, कोळसे टाकायचे आणि भोवतीचं पाणी तापायचं. त्यात धोका होता तो भाजण्याचा आणि धुराचा, आणि दोन्ही डोळ्यांना दिसायचे. मग स्टोव्ह आला, गॅस आला, बादलीत सोडायचा रॉड आला. रॉडबद्दल एकच सांगतो: तो घरात असेल तर काढून टाका. लोखंडी बादली, ओली फरशी आणि पाणी तापलं का हे बघायला बुडवलेलं बोट, एवढ्यावर घरं उद्ध्वस्त झाली आहेत.

विजेचा धोका दिसत नाही आणि आपल्या भागात तो भिंतीच्या वयात लपलेला असतो. ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ ही कंपनी १९०५ साली स्थापन झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने हा सगळा कारभार हाती घेतला. तीच आपली बेस्ट. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची वीज आजही तिची. बेस्टची वीज पहिल्यांदा चाळीत आली ती एका खोलीत एक दिवा लावण्यासाठी. पुढे पंखा आला, रेडिओ आला. उपकरप्राप्त इमारतींमध्ये ‘अ’ वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या. गिरगाव-लालबागच्या कितीतरी चाळी त्यातल्या. त्यांच्या मूळ वायरिंगच्या हिशेबात दोन हजार वॉटचं यंत्र कधीच नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं की गीझर दुकानात निवडण्याआधी घर तपासावं. गीझर नवा असतो, त्यावर आयएसआयचा शिक्का असतो, आत थर्मोस्टॅट आणि जादा तापलं तर वीज तोडणारा कटआउट असतो. बिघाड बहुतेक वेळा त्याच्या मागे असतो.

सुरुवात भिंतीपासून करू. पंधरा लिटरचा गीझर रिकामा असताना सात ते दहा किलोचा आणि भरल्यावर पंचवीस किलोच्या आसपास. पंचवीस लिटरचा घेतलात तर भरलेलं वजन चाळिशीकडे जातं. हे ओझं रात्रंदिवस आंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावर लटकणार. जुन्या चाळीची भिंत विटांची आणि चुन्याची. तिच्यात ड्रिल घातलं की वरचा गिलावा भुगा होऊन गळतो आणि मग चुन्याचा सांधा लागतो, त्यात अँकर फास्टनर फुलतो पण धरत नाही. हाताने हलवून पाहिला तर घट्ट वाटतो, सहा महिन्यांनी बाहेर येतो. भोक विटेच्या मधोमध पाडावं, सांध्यात नाही; आणि वीटच पोकळ वाजत असेल तर बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी द्यावी, किंवा लोखंडी अँगलची चौकट करून वजन खाली जमिनीवर उतरवावं. मोरीची आडभिंत लाकडी फळ्यांची किंवा पत्र्याची असेल तर तिच्यावर गीझर टांगूच नये. वरच्या सागवानी तुळईवरही नको. मोरीच्या वाफेने ती कुजलेली असू शकते, आणि वाळवी तर बाहेरून दिसतही नाही.

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या किंवा शिवाजी पार्कच्या जुन्या काँक्रीटच्या इमारतींमध्ये दुखणं वेगळं. तिथे स्लॅबच्या सळया गंजून फुगतात आणि खालचं काँक्रीट सुटतं. न्हाणीघराच्या छताला तपकिरी डाग किंवा लांब भेग दिसली तर आधी त्या छताचं काम करावं. गीझर तसाही भिंतीलाच बसवायचा असतो, स्लॅबला हुक मारून लोंबकळवायचा नसतो.

जागा वाचवण्यासाठी लोक आडवा गीझर घेतात, ते योग्यच आहे. पण उभा गीझर आणून तो आडवा टांगण्याचा उद्योग सर्रास चालतो, तो थांबायला हवा. उभ्या गीझरच्या पोटात गरम पाणी बाहेर नेणारी नळी थेट माथ्यापर्यंत गेलेली असते. तो आडवा केला की माथा बाजूला येतो, वरच्या भागात हवा कोंडून राहते आणि पाण्यात बुडालेली असायला हवी ती तापकांडी उघडी पडू शकते. उघडी तापकांडी काही मिनिटांत जळते. आडव्या मॉडेलमध्येही नळ डाव्या बाजूला की उजव्या, हे ठरलेलं असतं. उलटं फिरवून बसवता येत नाही. शिवाय झाकणाच्या बाजूला हातभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर पुढे तापकांडी बदलायला अख्खा गीझर उतरवावा लागतो. परळ-लालबागच्या नव्या टॉवरमध्ये गीझर फॉल्स सीलिंगच्या वर दडवतात. तिथे खालून उघडणारी झडप नसेल तर गळती कळते ती छत फुगून खाली आल्यावर.

चाळीत पाणी ठरल्या वेळी येतं आणि वरच्या मजल्यावर जोर नसतो. गीझरला पाणी सतत हवं, म्हणून मोरीवर एक छोटी टाकी चढवावी लागते, आणि तिचा तळ गीझरपेक्षा उंच असावा लागतो. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो होते. लाकडी पोटमाळ्यावर एवढं वजन ठेवण्याआधी सुताराला दाखवा. टाकी रिकामी असताना गीझर चालू राहिला तर काय होईल, हे वर सांगितलंच आहे.

गार पाण्याच्या तोंडाशी पितळेचा एक छोटा वॉल्व्ह बसवतात. पाणी तापलं की फुगतं: पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर नेलं तर पंधरा लिटरचं जवळपास दोनशे मिलिलिटर जास्त होतं. वॉल्व्ह पाणी मागे जाऊ देत नाही, नळ बंद असतो, मग वाढलेलं पाणी वॉल्व्हच्या तोटीतून थेंबथेंब गळतं. हे गळणं बरोबर आहे. घरोघरी मात्र याच तोटीला टेप गुंडाळतात, एम-सील लावतात, कुणी बूच ठोकतं. असं केलं आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला तर आतला दाब बाहेर पडायला वाट उरत नाही आणि टाकी फुटते. तोटीला पातळ नळी जोडून ती मोरीच्या निचऱ्याकडे सोडावी आणि तिचं तोंड कायम उघडं ठेवावं. वॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये दुसरा कुठलाही कॉक बसवू नये.

आता वीज. इथे थोडा हिशेब करू, कारण दुकानात सगळे लिटर विचारतात आणि वॉट कुणी विचारत नाही. आपल्याकडे दाब २३० व्होल्टचा. दोन हजार वॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो, तीन हजारांचा १३. एक-तीन लिटरचा तो सुबक ‘इन्स्टंट’ गीझर बहुधा तीन हजार वॉटचाच असतो. म्हणजे दिसायला लहान असला तरी तो पंधरा लिटरच्या दांडग्या गीझरपेक्षा वायरवर दीडपट भार टाकतो. जुन्या इमारतीत दोन हजार वॉटचा साठवणीचा गीझर बरा. पंधरा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर न्यायला त्याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढं थांबायला हरकत नसावी.

एकदा एखाद्या जुन्या चाळीतला बोर्ड वायरमनकडून उघडून घ्या आणि शेजारी उभं राहून पाहा. लाकडी ठोकळ्यावर चिनी मातीचा फ्यूज, त्यात वितळणाऱ्या बारीक तारेऐवजी तांब्याचा जाड पीळ. सागवानी पट्टीवरून गेलेल्या दोन वायरी, रबराचं आवरण काळवंडून कडक झालेलं, वाकवलं की तडकून गळतं. मध्येच एक सांधा, त्याला कापडी टेप, आणि सांध्याच्या पलीकडे वायर तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची. या दोन धातूंचा सांधा हळूहळू गंजतो, सैल होतो, तापतो. तिसरी वायर नाही. म्हणजे अर्थ नाही.

अशा बोर्डावर गीझर जोडायचा नाही. जुन्या वायरिंगला हात न लावता मीटरकडून थेट नवी लाइन ओढावी: फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तांब्याच्या वायरी, प्लास्टिकच्या केसिंगमधून. दोन हजार वॉटला अडीच चौरस मिलिमीटरची वायर, तीन हजारांना चारची. लोहार चाळीत वायर घेताना आवरणावर ठरावीक अंतराने छापलेला आकार आणि आयएसआय चिन्ह वाचून घ्या. स्वस्त बंडलात आकारापेक्षा बारीक तांबं निघतं. स्विच न्हाणीघराच्या बाहेर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, लाल दिव्याचा. प्लग-सॉकेट वापरायचंच असेल तर सोळा अँपिअरचं, आणि तेही पाणी उडणार नाही असं. प्लगची पिन तपकिरी पडली असेल तर सॉकेट सैल झालंय, आजच बदला. तळमजल्यावरच्या जिन्याखालच्या मीटरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली वायरही तितकीच जुनी असू शकते. तीही तपासून घ्यावी, आणि गरज पडली तर बेस्टकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावं; नळ जोडणाऱ्याने जाता जाता वायरही जोडून देऊ नये.

या लाइनवर दोन रक्षक लागतात आणि त्यांची कामं वेगळी. एमसीबी वायरीला वाचवते: भार जास्त झाला की पडते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो का, हे ती सतत तोलत असते. तीस मिलिअँपिअरचा फरक दिसला की क्षणार्धात वीज तोडते. ओल्या अंगाने, अनवाणी, मोरीच्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसातून २३० व्होल्टला याच्या कितीतरी पट करंट जाऊ शकतो, आणि तेवढ्यात हृदय थांबतं. आरसीसीबीवर एक छोटं ‘टी’चं बटण असतं, महिन्यातून एकदा ते दाबून ती पडते का पाहा. गीझर लावला की ती वारंवार पडायला लागली तर तिला वगळून जोडणी करून घेऊ नका. बहुधा तापकांडीचं आवरण चिरलेलं असतं आणि आतला करंट पाण्यात उतरत असतो. ती आपलं कामच करत असते.

आणि अर्थ. तापकांडी चिरली, तर अर्थ वायर तो करंट जमिनीकडे नेते आणि रक्षक लगेच पडतात. अर्थ नसेल तर तोच करंट पाण्यात, शॉवरच्या दांडीत, नळात थांबून राहतो, कुणीतरी हात लावेपर्यंत. बाहेरचं खोकं प्लास्टिकचं आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण पाणी आतून येतं.

चाळीत अर्थ नसतो म्हणून दोन पळवाटा काढल्या जातात. पहिली म्हणजे अर्थ वायर पाण्याच्या पाइपला बांधणं. पाइप पूर्वी लोखंडी होते, आता मधले तुकडे प्लास्टिकचे झालेत. करंट जमिनीत न जाता शेजारच्या मोरीत जातो. दुसरी अधिक भयंकर: सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडणं. टेस्ट लॅम्प मस्त पेटतो, सगळं ठीक दिसतं. मात्र पुढे कधी न्यूट्रल तुटला की गीझरचं अख्खं अंग फेजवर येतं, गीझरमध्ये कुठलाही बिघाड नसताना. वायरमनने ‘अर्थ करून दिला’ म्हटलं तर ती वायर कुठपर्यंत जाते हे त्याला दाखवायला सांगा, आणि मीटरने मोजून घ्या.

शेजारी कुणाला झटका बसलाच तर आधी मेन बंद करा, मगच अंगाला हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करून १०८ ला फोन लावा.

गीझर प्रत्येकाचा आपापला असतो, अर्थ मात्र एका खोलीचा होत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू अंगणात खड्डा खणू शकत नाही. म्हणून हे काम चाळ समितीने किंवा सोसायटीने हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मंडप उभा करायला वर्गणी निघते, गणपतीच्या रोषणाईला निघते, अर्थिंगलाही निघेल. अंगणात अर्थिंगचा खड्डा, त्यात इलेक्ट्रोड, तिथून मीटर केबिनपर्यंत जाड पट्टी, आणि तिथून प्रत्येक मजल्यावर वर जाणारी एक हिरवी वायर. इमारत म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून दुरुस्त होणार असेल तर त्याच वेळी हा विषय लेखी मांडावा. परांची बांधलेली असताना वायर वर नेणं सोपं जातं. समुद्राजवळच्या गिरगावात जमीन बहुतेक काळ ओलसर असते, अर्थ चांगला लागतो, पण खारट ओलीने लोखंडी इलेक्ट्रोड लवकर गंजतो. तिथे तांबं किंवा तांब्याचा मुलामा दिलेली कांडी घ्यावी. खड्ड्यावर झाकण असावं, त्यावर गाडी उभी राहू नये, आणि रोध वर्षातून एकदा परवानाधारकाकडून मोजून मीटर केबिनमध्ये तारखेसह लिहून ठेवावा. मोजायचा तो मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. माती तेव्हा सर्वांत कोरडी असते आणि अर्थ सर्वांत कमजोर.