नी कॅप गुडघ्याला नेमकी कशी सावरते?

नागपूरच्या धरमपेठेत सकाळी ट्रॅफिक पार्ककडे किंवा पुढे अंबाझरीपर्यंत फिरायला निघणाऱ्यांमध्ये काळी नी कॅप चढवलेले गुडघे हमखास दिसतात. ‘घट्ट बांधलं की हाड सरकत नाही,’ हा त्यामागचा विश्वास. पण ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी हाडे धरून ठेवू शकत नाही. ते काम चार मुख्य अस्थिबंध आणि भोवतीचे स्नायू करतात. सपाटीवर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. त्यापुढे कापडाचा जोर तो किती!

तरीही ती घातली की पाऊल भरवशाने पडते, आणि हा निव्वळ भास नव्हे. कातडीवरच्या दाबामुळे सांधा कोणत्या कोनात आहे, कुठे कलतो आहे, याची जाणीव अनेकांना अधिक नीट होते आणि हालचाल सावध राहते. शिवाय ऊब मिळते. नागपूरच्या मे महिन्यात ती कोणाला हवी असते, हा प्रश्न वेगळा. घामाने पुरळ येत असेल, तर मधूनमधून काढून कातडी कोरडी करावी.

हाडांना थेट आवर घालायचा, तर बिजागरीचा ब्रेस लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडक पट्ट्या गुडघा वाकू देतात, पण आत-बाहेर झुकण्याला अटकाव करतात. म्हणून आतल्या बाजूचा अस्थिबंध दुखावल्यावर तो उपयोगी पडतो. मात्र ब्रेस आणि हाड यांच्यामध्ये मऊ मांस असते. खेळताना पाय जोरात पिळवटला, तर तिथे त्याची पकड कमी पडते. ‘ब्रेस आहे, आता बिनधास्त खेळा’ हा सल्ला त्यामुळेच धोक्याचा.

संधिवातात बहुतेकांच्या गुडघ्याची आतली बाजू जास्त झिजते आणि पाय धनुष्यासारखे बाकतात. अनलोडर ब्रेस तीन ठिकाणी दाब देऊन त्या बाजूचा थोडा भार बाहेरच्या बाजूकडे वळवतो. चालणे, स्थिरता किंवा वेदना यांचा त्रास मोठा असेल, तर असा ब्रेस वापरावा, अशी ठाम शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. आणि एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे: वजन 1 किलोने घटले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो.

‘सवय लागते, स्नायू कमजोर होतात’ ही भीती मात्र बरीच फुगवलेली. वाटीमागच्या संधिवातासाठी 12 आठवडे ब्रेस वापरलेल्यांवरच्या ब्रिटनमधील अभ्यासात मांडीच्या स्नायूंची ताकद घटलेली आढळली नाही. स्नायू कमजोर होतात ते ब्रेस आहे म्हणून व्यायाम सोडल्याने.

माप अंदाजाने घेऊ नये. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मांडीचा आणि गुडघ्याचा घेर टेपने मोजावा. पोटरी सुजली किंवा पाय बधिर झाला, तर ब्रेस लगेच काढावा. तो काढूनही पोटरीची सूज आणि दुखणे राहिले, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. गुडघा अडकत असेल किंवा चालताना अचानक दगा देत असेल, तर मेडिकलमधून नवी नी कॅप आणण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.