न आलेल्या पाहुण्यांचा हिशेब

मी अर्थशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी आणि पंचवीस वर्षांची जमाखर्चाची नोकरी, एवढीच माझी शिदोरी. त्यामुळे ‘युद्धाचा खर्च’ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे संरक्षण खात्याचे अंदाजपत्रक यायचे : तोफा, दारूगोळा, सैनिकांचे पगार. श्रीलंकेच्या यादवी युद्धाविषयी वाचू लागलो आणि ही समजूत एका साध्या आकड्याने मोडली.

१९८२ साली श्रीलंकेत सुमारे ४ लाख ७ हजार परदेशी पर्यटक आले. जुलै १९८३मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध भीषण हिंसाचार झाला, युद्ध पेटले आणि १९८७ साली हीच संख्या १ लाख ८२ हजारांवर आली. जळालेल्या हॉटेलची किंमत काढता येते. पण न आलेल्या पाहुण्याची पावती कोण फाडणार?

या खर्चाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. पहिला प्रत्यक्ष : सरकारचा आणि बंडखोरांचा लष्करी खर्च, उद्ध्वस्त रस्ते-पूल-घरे, विस्थापितांच्या छावण्या. दुसरा अप्रत्यक्ष : बुडालेले पर्यटन, न आलेले भांडवल, मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांची बुडालेली कमाई. पहिला भाग निदान कागदोपत्री सापडतो. दुसरा शोधावा लागतो.

राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा तिथे फारसा कामाला येत नाही. सैनिकाचा पगार त्यात जमेला धरला जातो; पडलेला पूल पुन्हा बांधला तर तो खर्चही जमेलाच. पूल पडल्याची वजावट मात्र त्यात नाही. म्हणूनच युद्धाच्या सगळ्या वर्षांत श्रीलंकेचे उत्पन्न कागदावर वाढतच राहिले. अपवाद फक्त २००१चा. त्या वर्षी जुलैमध्ये कोलंबोच्या विमानतळावर हल्ला झाला, विमाने जळाली आणि बंदरात येणाऱ्या जहाजांचा विमा एकदम महागला.

मग प्रश्न विचारावा लागतो तो असा : युद्ध झाले नसते, तर काय झाले असते? त्या न घडलेल्या श्रीलंकेशी घडलेल्या श्रीलंकेची तुलना करायची आणि मधली तूट मोजायची. याच वर्षांत शेजारच्या मालदीवचे पर्यटक वाढत होते, म्हणजे घसरणीचे कारण जगात मंदी असणे हे नव्हते. पण १९८७पासून दक्षिणेत जेव्हीपीचे बंडही पेटले. त्यानंतरची कोणती तूट कुणाच्या नावे टाकायची?

न घडलेला प्रदेश कागदावर उभा करण्याची एक नेटकी रीत अबादी आणि गार्देआझाबाल यांनी २००३ साली स्पेनच्या बास्क प्रांतासाठी वापरली. हिंसाचारापूर्वीच्या बास्कशी जुळेल असे मिश्रण त्यांनी स्पेनच्याच इतर प्रांतांतून, मुख्यतः कॅटलोनिया आणि माद्रिद यांतून, तयार केले. हिंसाचार वाढल्यावर खरा बास्क प्रांत दरडोई उत्पन्नात या मिश्रणापेक्षा सुमारे १० टक्के मागे पडलेला दिसला.

श्रीलंकेचा ताळेबंद निशा अरुणतिलके, सिसिरा जयसूर्य आणि समन केलेगामा यांनी २००१मध्ये मांडला. १९८४ ते १९९६ या काळाचा खर्च त्यांच्या हिशेबाने किमान १९९६च्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १६८ टक्के भरतो. सगळ्या देशाने दीड वर्षाहून अधिक काळ राबून मिळवलेले सगळे मातीत गेले, असा त्याचा अर्थ. आणि युद्ध त्यानंतरही २००९पर्यंत चालू होते.

हिशेबनीस म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करतो तो माणसांचा रकाना. पहिल्या महायुद्धाचा खर्च मांडणाऱ्या अर्नेस्ट बोगार्ट यांनी १९१९ साली मृतांचीही किंमत धरली होती : अमेरिकन माणूस ४,७२० डॉलर, रशियन २,०२०. यात त्यांचा दुष्टावा नव्हता. माणसाची किंमत त्याच्या संभाव्य कमाईवरून काढली की असेच होते. आजही मृतांचा ‘खर्च’ बहुधा बुडालेल्या कमाईवरूनच काढतात. म्हणजे जाफन्याचा कोळी कोलंबोच्या वकिलापेक्षा स्वस्तात मरतो, आणि ज्या गरीब भागाने युद्ध सर्वाधिक सोसले, तो बेरजेत सर्वांत हलका ठरतो.

म्हणून हे आकडे टाकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. आकडा नसला की युद्ध फुकटात झाले असे म्हणणाऱ्यांचे फावते. मात्र असा आकडा वाचताना मी आता तीन गोष्टी पाहतो : तुलना कोणत्या न घडलेल्या देशाशी केली आहे, हिशेब कोणत्या वर्षी थांबवला आहे, आणि माणूस कोणत्या भावाने लावला आहे. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा तळटीपेत असते. मी ती आधी वाचतो.