पिवळा म्हणजे पिकलेला नव्हे

एप्रिल लागला की पुण्याजवळच्या मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात सोसायट्यांच्या फाटकाशी आंब्याच्या पेट्या येतात. बहुतेक पेट्यांवर ‘देवगड’ नाहीतर ‘रत्नागिरी’ छापलेलं असतं, पण सगळा माल कोकणातला नसतो. कर्नाटकातही हापूसच्या मोठ्या बागा आहेत. तो आंबा नकली नव्हे. जात तीच, पण माती-हवा वेगळी म्हणून स्वाद वेगळा. खोटं असतं ते पेटीवरचं नाव. २०१८ साली हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. कर्नाटकचा आंबा जरूर खावा, पण त्याच्याच नावानं आणि त्याच्याच भावानं.

दुसरा गैरसमज रंगाचा: पिवळा म्हणजे पिकलेला. आंबे झटपट पिकवायला काही जण वापरतात त्या कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन वायू सुटतो, त्यानं साल पिवळीधमक होते आणि गर मात्र आंबट, कडक राहतो. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवायला त्याच्या वापरावर बंदी आहे. पण त्या भीतीनं रायपनिंग चेंबरमधला प्रत्येक आंबा विषारी ठरवणं चूक आहे. तिथला इथिलीन वायू आंबा पिकताना स्वतःही सोडतो. पेंढ्याच्या आढीत तोच कोंडला जातो. १०० पीपीएमपर्यंत त्याचा वापर कायद्यानं मान्य आहे. मात्र कोवळ्या फळाला आढी किंवा चेंबर, कोणीच गोडी देऊ शकत नाही. म्हणून जाणते बागायतदार ‘चौदा आणे’ तयार फळच उतरवतात: खांदे वर आलेले, देठाशी खळगा पडलेला. घेताना हे पाहा आणि देठाजवळ वास घ्या.

आंबा कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर निघाला की ‘औषध मारलंय’ म्हणून विक्रेत्याला बोल लावला जातो. हा साका. तो कीड किंवा औषधानं होत नाही. फळ झाडावर असतानाच गरात बिघाड होतो, आणि उन्हानं तापलेल्या जमिनीची धग त्याला हातभार लावते. बाहेरून तो दिसतच नाही, त्यामुळे प्रामाणिक माणसाच्या पेटीतही निघतो. कोकण कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, तो साकामुक्त म्हणून ओळखला जातो.

राहिली कोय. हापूसच्या कोयीतून उगवलेलं झाड हापूसच देईल याची खात्री नाही. बहुधा ते रायवळ निघतं. मारुंजीत अंगणात जागा असेल आणि हापूसच हवा असेल, तर भरवशाच्या रोपवाटिकेतून कलम आणून लावा.