वॉर्डातली वर्षे पदवीत का मोजली जात नाहीत?

नाशिकमध्ये राज्यभराचा कारभार पाहणारी दोन विद्यापीठे आहेत. गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला १९९८ सालचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. पहिल्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’; नोकरी-संसारात गुंतलेल्या माणसांपर्यंत पदवी नेण्यासाठीच ते निघाले. दुसऱ्याच्या अखत्यारीत राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगची महाविद्यालये येतात. एकाला कामकरी विद्यार्थी कसा शिकवावा हे ठाऊक आहे, दुसऱ्याकडे आरोग्यक्षेत्रातली पदवी देण्याचा अधिकार आहे. या दोहोंच्या मध्ये मात्र फार मोठा वर्ग अडकून पडला आहे. दहा-पंधरा वर्षे रुग्णालयात काढलेली, जीएनएम ही नर्सिंगची पदविका झालेली अधिपरिचारिका, जिल्ह्यातल्या सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या उपकेंद्रावरची आरोग्यसेविका, आशाताई, अंगणवाडी सेविका, घरोघरी अंथरुणाला खिळलेले रुग्ण सांभाळणारी मदतनीस. यांना पुढे शिकायचे झाले तर बहुतेकींपुढे दोनच मार्ग उरतात. नोकरीतून काही वर्षे बाजूला व्हायचे, किंवा रोजच्या कामाशी सुतराम संबंध नसलेल्या विषयात बी. ए. करायचे. काम न सोडता, त्या कामातूनच, त्याच विषयाची पदवी मिळवण्याचा तिसरा मार्ग जगात काही ठिकाणी चांगला रुळला आहे. तो महाराष्ट्रातही असायला हवा आणि त्याची सुरुवात नाशिकहून व्हावी, असे मला वाटते.

कामावर राहून पदवी घेणे म्हणजे घरी आलेली पुस्तके वाचून वर्षअखेर पेपर टाकणे नव्हे. ही गल्लत इतकी सर्रास होते की आधी ती दूर करायला हवी. अशा अभ्यासक्रमात विद्यार्थिनी पगारावर असते. आठवड्यातले ठरावीक तास तिला ड्युटीतून मोकळे केले जातात. शरीरक्रिया, औषधशास्त्र, आकडेवारी वाचण्याची रीत हा भाग ती संपर्कसत्रांत आणि घरी शिकते. उरलेला अर्धा अभ्यास वॉर्डातच होतो, पण रोजच्या ड्युटीपेक्षा तो वेगळा असतो. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमेचे ड्रेसिंग तिने शेकडो वेळा केलेले असेल. पदवीच्या अभ्यासात तिला विचारले जाते की एकाची जखम भरते आणि शेजारच्या खाटेवरच्याची चिघळते, असे का? मग तिला आपल्याच वॉर्डाचे गेल्या काही महिन्यांचे केसपेपर काढून पाहावे लागतात, ड्रेसिंगमधले अंतर, साखरेच्या नोंदी, घरी गेल्यावर रुग्णाने काय केले हे तपासावे लागते, आणि त्यावर स्वतःचे म्हणणे मांडावे लागते. तिच्या शेजारी काम करणारी, मार्गदर्शनाचे प्रशिक्षण घेतलेली ज्येष्ठ परिसेविका तिचे हात आणि तिचे निर्णय दोन्ही पाहते, नोंदवहीत सही करते. बाहेरचा परीक्षक ती नोंदवही उलटून प्रश्न विचारतो. आपल्या एकाच वॉर्डात अडकू नये म्हणून तिला प्रसूती, बालरोग, मनोरुग्ण विभागांतही पाठवले जाते. यात सवलत कुठेही नाही. उलट तारखा पाठ करून सुटण्याची सोय इथे मुळीच नसते.

आणि ही कल्पना आपल्याला परकीही नाही. आपल्याकडचे तज्ज्ञ डॉक्टर नेमके याच रीतीने घडतात. एमबीबीएस झालेला तरुण एमडी किंवा एमएस करतो म्हणजे तीन वर्षे तो रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून राबतो, रात्रपाळ्या करतो, त्याबद्दल विद्यावेतन घेतो, वरिष्ठांच्या नजरेखाली शस्त्रक्रिया शिकतो, प्रबंध लिहितो. डीएनबीची रीतही तीच. २०२१च्या तुकडीपासून तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे बंधनकारक झाले, कारण तिथले काम हाच अभ्यास आहे असे नियामकांनी मान्य केले. या पदवीला कुणी अर्धवट म्हणत नाही. निवासी डॉक्टर वॉर्डात काम करतो म्हणून त्याची एमडी कमी दर्जाची, असे म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. वॉर्डात काम केले म्हणूनच ती विश्वासार्ह मानली जाते. त्याच वॉर्डात, त्याच रात्री, त्याच रुग्णाजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्या बाबतीत मात्र तिचे काम हे निव्वळ काम ठरते. एकाच खाटेशेजारी एकाचे तास अभ्यासात धरायचे आणि दुसरीचे फक्त हजेरीपटात, या भेदाला शैक्षणिक कारण सापडत नाही. सामाजिक कारणे सापडतात, आणि ती सुखावणारी नाहीत. खालच्या पायरीवर बहुतांश स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या कौशल्याला आपण स्वभावाचा भाग समजत आलो आहोत.

कामातून दिलेले शिक्षण किती खोल जाऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रानेच जगाला दिला आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभे केले. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत, गावात काय घडले ते सांगत, त्यातून पुढचा धडा निघे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि वेळ पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्या प्रत्यक्ष बाळांवर, देखरेखीखाली शिकल्या. हा प्रयोग झालेली ३९ गावे आणि न झालेली ४७ गावे यांची तुलना १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटलेले होते. आज नाशिकच्या आदिवासी पाड्यांवरची आशाताई बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी देते, त्यामागे गडचिरोलीचा हाच अनुभव आहे. म्हणजे या स्त्रियांना उच्च दर्जाचे कौशल्य कामातून शिकवता येते हे आपण सिद्ध केले, देशभर राबवलेही. पदवीच्या दारापर्यंत मात्र त्यांना आणून सोडले नाही. आशाताईचे प्रशिक्षण तुकड्यातुकड्यांनी होते, प्रत्येक तुकड्याचे प्रमाणपत्र होते, आणि या प्रमाणपत्रांची बेरीज कुठेच होत नाही.

कामातून पदवी देण्याला सर्वांत वजनदार आक्षेप गुणवत्तेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नर्सिंग, वैद्यक, दंतवैद्यक हे विषय आधीच दूरशिक्षणातून वगळले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने आणखी पुढे जाऊन, २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याखाली येणारे सगळे विषय, मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासह, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली. या निर्णयामागची भीती खोटी नाही. रुग्णाला हात न लावता मिळालेले नर्सिंगचे किंवा समुपदेशनाचे प्रमाणपत्र लोकांच्या जिवावर बेतू शकते, आणि अशी प्रमाणपत्रे बाजारात होती. मात्र हा आक्षेप रुग्णापासून दूर राहून घेतलेल्या शिक्षणाला लागू होतो. जिथे विद्यार्थिनी रोज आठ तास रुग्णापाशीच आहे, तिथे तो लागू होत नाही. आपल्या नियमांत ‘नियमित’ आणि ‘दूरस्थ’ असे दोनच कप्पे आहेत, म्हणून कामाधारित शिक्षण दुसऱ्यात टाकले जाते आणि तिथेच संपते. वास्तविक इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्ये नोकरीत असलेल्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बी. एस्सी. सुरू केली होती, त्यात रुग्णालयाशी जोडलेल्या केंद्रांवर प्रात्यक्षिके सक्तीची होती. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हवे झाले तेव्हा परिचारिका आणि आयुर्वेद पदवीधरांसाठी सहा महिन्यांचा ब्रिज अभ्यासक्रम उभा राहिला, तोही जिल्हा रुग्णालयांच्या आधाराने. सरकारला गरज पडली की वाट निघते.

गुणवत्ता न सोडता कामावर राहून कसे शिकवायचे, नेमका हा प्रश्न ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने २००२ पासून सोडवला आहे. रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करणारी व्यक्ती मालकाच्या प्रायोजकत्वावर, पगार चालू ठेवून, नोंदणीकृत परिचारिका होऊ शकते. तिला इतर कुणाही परिचारिकेप्रमाणेच किमान ४,६०० तासांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष सेवेचे. तासांत सूट नाही, परीक्षेत सूट नाही. फक्त ते तास कुठे आणि कसे भरायचे याची मांडणी वेगळी.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो याच स्त्रियांच्या बाजूने येतो. आधीच कमरेपर्यंत कामात रुतलेल्या परिचारिकेवर किंवा आशाताईवर अभ्यासाचे ओझे कशाला? घरी गेल्यावर स्वयंपाक, मुले, सासू-सासरे. अभ्यास करायचा कधी? शिवाय विद्यार्थिनीला स्वस्त मजूर म्हणून राबवण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. हे सगळे खरे आहे. म्हणूनच मोकळ्या तासांशिवाय ही पदवी सुरूच करू नये. अभ्यासाचा दिवस ड्युटीच्या तक्त्यात छापलेला हवा, त्या दिवशी तिच्या जागी दुसरी व्यक्ती हवी, आणि दुसऱ्या विभागात शिकायला गेलेल्या विद्यार्थिनीची गणना तिथल्या मनुष्यबळात होता कामा नये. ही अट पाळणे महाग आहे. इंग्लंडमध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांकडून पगारखर्चाच्या अर्धा टक्का इतका प्रशिक्षण-कर घेतला जातो, तरी शिकायला गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी आणलेल्याचा पगार त्यातून देता येत नाही, आणि तिथली रुग्णालये याच मुद्द्यावर कुरकुरतात. आपण तोच भाग आधी सोडवला पाहिजे.

पदवी मिळताच त्या निघून जातील, असेही म्हटले जाते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी परिचारिकांसह कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केलेला असताना ही तक्रार सरकारच्या तोंडी शोभत नाही. पेठ-सुरगाण्यात घर, शेत आणि मुलांची शाळा असलेली चाळिशीची आरोग्यसेविका सहसा कुठे जात नाही. तिथे बाहेरून नेमलेले मात्र बदलीची वाट पाहत असतात. दुर्गम भागाला टिकणारी माणसे हवी असतील तर तिथल्याच माणसांना वर चढू देणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

चढण्यासाठी शिडी मात्र हवी. केंद्राच्या २०२२च्या पोषण मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यवेक्षिकांच्या निम्म्या रिकाम्या जागा अनुभवी अंगणवाडी सेविकांतून भरायच्या आहेत. पर्यवेक्षिकेच्या, म्हणजे मुख्य सेविकेच्या, थेट भरतीला पदवी लागते, कुठलीही चालते. मग सेविका इतिहासात बी. ए. करते, आणि दोन दशके कुपोषित मुलांची वजने, आईबापांची समजूत, घरातली मारहाण, बालविवाह थोपवण्याची धडपड यांतून तिने जे कमावले त्याचा त्या पदवीत एकही श्रेयांक नसतो. समाजकार्याच्या महाविद्यालयांत क्षेत्रकार्य हा अभ्यासाचा कणा मानला जातो. हिच्याकडे वीस वर्षांचे क्षेत्रकार्य आहे, फक्त त्याला मार्गदर्शक आणि नोंदवही मिळालेली नाही. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने हे दार निदान किलकिले केले आहे. तीस तासांचा एक श्रेयांक, आणि दीर्घ अनुभव असलेल्याला दुप्पटपर्यंत वजन, अशी तरतूद त्यात आहे. अर्थात, नुसती वर्षे मोजून श्रेयांक वाटणे चुकीचे ठरेल. वीस वर्षे एकच चूक करत राहणेही शक्य असते, म्हणून अनुभव तपासूनच मोजायला हवा, आणि तपासण्याचे शास्त्र विद्यापीठांनी घडवायला हवे.

नाशिकला हे जमण्यासारखे आहे, कारण लागणारे बहुतेक सारे इथे जवळजवळ आहे. मुक्त विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान शाखेत दिंडोरीच्या डॉ. श्याम अष्टेकरांसारख्या, गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मराठीत लिहिण्यात आयुष्य घातलेल्या डॉक्टरांनी काम केले आहे. मराठीतून वैद्यकाचा गंभीर मजकूर लिहिण्याची परंपरा त्यामुळे इथे आहे, आणि आशाताई-सेविकांच्या पदवीला ती अत्यावश्यक आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे परीक्षा आणि मान्यता आहे, जिल्हा रुग्णालय शहरात आहे, आणि आदिवासी तालुक्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे त्याच जिल्ह्यात आहेत. पहिली तुकडी जीएनएम झालेल्या, नोकरीत असलेल्या परिचारिकांची असावी, कारण त्यांची नोंदणी आणि पायाभूत शिक्षण तयार आहे. आशाताई आणि सेविकांसाठी समाज-आरोग्याची पदवी त्यामागोमाग यावी. या सगळ्यासाठी भारतीय परिचर्या परिषदेची खास परवानगी लागेल, दोन विद्यापीठांत संयुक्त पदवीचा करार लागेल, आणि राज्याच्या अंदाजपत्रकात एक नवे शीर्ष लागेल: शिकायला गेलेल्या परिचारिकेच्या जागी त्या दिवशी वॉर्डात उभी राहणारीचा पगार.