थ्राँबॉक्सेन ए-२ आणि रक्तातील बिंबाणू

रक्तवाहिनीस जखम झाली असता रक्तस्राव थांबविण्यासाठी प्रथम धावून जातात ते बिंबाणू. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या सुमारे दीड ते चार लाख असते. ते केंद्रकविरहित असून त्यांचे आयुष्य आठ ते दहा दिवसांचे असते. जखमेशी प्रथम चिकटलेले मोजके बिंबाणू शेजारच्या असंख्य बिंबाणूंना कसे पाचारण करतात, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

ह्या पाचारणाचे एक प्रमुख साधन म्हणजे मेदाम्लापासून बनणारा एक रेणू होय. उत्तेजित बिंबाणूच्या पटलातून अ‍ॅराकिडॉनिक अम्ल सुटे होते. सायक्लोऑक्सिजनेज व त्यामागून आणखी एक एंझाइम त्याचे रूपांतर थ्राँबॉक्सेन ए-२ मध्ये करतात. स्टॉकहोम येथील हॅम्बर्ग, स्वेन्सन व सॅम्युएल्सन यांनी १९७५ मध्ये हा पदार्थ ओळखला. त्याच्या नावाचा पूर्वार्ध 'थ्राँबोसाइट' ह्या बिंबाणूवाचक शब्दातून, तर उत्तरार्ध रेणूतील ऑक्सिजनयुक्त 'ऑक्सेन' वलयावरून घेतलेला आहे. शरीराच्या तपमानास पाण्यात त्याचा निम्मा अंश सुमारे तीस सेकंदांत नाहीसा होतो. साहजिकच त्याचा संदेश जखमेच्या परिसरापुरताच राहतो. शेजारच्या बिंबाणूवरील ग्राहीशी तो जोडला गेला, की आतील कॅल्शियम वाढते, बिंबाणूचा आकार पालटतो आणि फायब्रिनोजेनच्या दुव्यांनी बिंबाणू एकमेकांस जखडले जातात.

ह्याच अम्लापासून रक्तवाहिनीच्या अस्तरात मात्र नेमक्या उलट गुणाचा रेणू तयार होतो. इंग्लंडमध्ये जॉन व्हेन यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शोधलेले हे प्रोस्टासायक्लिन वाहिनी रुंदावते व बिंबाणूंना आवरते.

अ‍ॅस्पिरिनचे इंगित ह्या द्वंद्वात आहे. ते सायक्लोऑक्सिजनेज कायमचे निकामी करते. अस्तरातील पेशींना केंद्रक असल्यामुळे त्या नवे एंझाइम घडवू शकतात. बिंबाणूंना ते जवळजवळ अशक्य असते. म्हणून रोजची अल्प मात्राही थ्राँबॉक्सेनची निर्मिती रोखण्यास पुरते, आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास ती उपकारक ठरते. तथापि जी क्रिया घातक गुठळी टाळते, तीच आवश्यक गुठळीसही अडथळा करते. औषध थांबविल्यावरही नवे बिंबाणू पुरेसे तयार होईपर्यंत, म्हणजे काही दिवस, हा परिणाम टिकतो. हृदयविकार नसलेल्या व्यक्तीने वैद्यकीय सल्ल्यावाचून अ‍ॅस्पिरिन नित्य घेतल्यास लाभापेक्षा रक्तस्रावाचा धोकाच अधिक संभवतो, तो ह्यामुळेच.