घुमटवाल्याची वही

गोव्यात चवथीस माटोळीखाली गणपती बसतो आणि त्याच्या बाजूस कित्येक घरी हौसेने हलता देखावा मांडतात. डिचोली तालुक्यातील आमच्या आजोळी असाच एक लाकडी घुमटवाला होता. आमच्या मामांनी त्याच्या पोटात मोटर बसविली होती. ती सुरू झाली की तो हात उचलून घुमटावर थाप मारी. मामा निवर्तल्यावर पुढच्या चवथीस पेटी उघडली, तो चाके, पट्ट्या आणि खिळे तेवढे हाती आले. त्यांची जुळणी कोणासच ठाऊक नव्हती. मामांनी एक ओळही लिहून ठेवली नव्हती.

गोवा शासनाने २०२१ साली सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी कोडिंग व रोबोटिक्सच्या शिक्षणाची योजना सुरू केली. आमच्या मामेभावाचा मुलगा पेडण्यास आठवीत असताना त्याने शाळेतील प्रकल्पासाठी हाच घुमटवाला निवडला. प्रकल्पासोबत त्याची नोंदवही देणे आवश्यक होते. त्याने पहिल्या वहीत एक छायाचित्र चिकटविले आणि खाली लिहिले, 'प्रयोग यशस्वी झाला.' बाईंनी वही परत केली व विचारले, "तो चालत नव्हता, तेव्हा काय करीत होता?"

दुसरी वही आम्ही स्वतः वाचली. हात थेट मोटरीच्या दांड्यास जोडला, तेव्हा तो पंख्यासारखा गरगर फिरला. मग चाकावर मध्यापासून ३ सेंटिमीटरवर खिळा मारून त्यास पट्टी जोडली. पट्टी त्याच्या दुप्पट, म्हणजे ६ सेंटिमीटर सरकली आणि हात घुमटाच्या काठावर आदळला. खिळा दीड सेंटिमीटरवर आणल्यावर थाप नीट बसली. एका वेळी एकच बदल, त्याची तारीख, कारण व परिणाम असा तो क्रम होता. थापांमधील विश्रांतीचा कोड मित्राकडून घेतला, हेही त्याने प्रांजळपणे नोंदविले होते.

शेवटच्या पानावर मामांच्या जुन्या चाकाचे मापांसह रेखाटन होते. त्या चाकास मध्यापासून निरनिराळ्या अंतरांवर तीन भोके होती. खाली मुलाने लिहिले होते, 'आजोबांचाही खिळा दोनदा चुकला असावा.'

आजवर ती भोके आम्ही पाहत आलो होतो. त्यांचा अर्थ त्या पानावर कळला. वाचकहो, आपण गाव सोडून दूर स्थायिक झालेली मंडळी. आपल्याही घरी कोणाच्या हाती अशी विद्या असेल, तर एक वही आणून त्यांच्याजवळ बसावे आणि काय बिघडले होते, हे आधी विचारावे.